ज्या दुकानाची पायरी आपण चढत नाही

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना एक प्रश्न विचारला होता : परवडत असूनही आणि हाताशी असूनही आपण ठरवून टाळता अशी वस्तू, दुकान किंवा सेवा कोणती, आणि ती टाळण्याचे कारण काय? उत्तरे येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलट प्रश्नच अधिक आले. मराठवाड्यातल्या वाचकांची पत्रे सर्वांत जास्त असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडक्यात घेतली असून कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : ताई, आमच्या घरी बहिष्कार यजमान घालतात आणि तो पाळावा मला लागतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने बारा वर्षांपूर्वी उधारीच्या वहीत एक रक्कम दोनदा मांडली, म्हणून ते दुकान बंद. एका चहाच्या जाहिरातीत म्हाताऱ्या माणसाची टिंगल केली, म्हणून तो चहा बंद. पिठाच्या गिरणीवाल्याशी राजकारणावरून शब्दाला शब्द लागला, म्हणून ती गिरणीही बंद. आता दळण डोक्यावर घेऊन मला अर्धा किलोमीटर जावे लागते. त्यांची कारणे खोटी नाहीत. पण मी काय करावे? – एक गृहिणी, उदगीर

उत्तर : यजमानांची कारणे खोटी नाहीत, हे तुम्ही पत्रात आवर्जून लिहिले आहे, यावरून तुमचा समंजसपणा दिसतो. परंतु जो माणूस एखादे दुकान सोडतो, त्याने त्या सोडण्याची झळ स्वतः सोसावी, एवढी किमान अपेक्षा ठेवायला हरकत नाही. तुमच्या घरी राग एकाचा आणि पायपीट दुसऱ्याची अशी वाटणी झालेली आहे. पुढच्या महिन्यापासून किराणा भरणे आणि दळण आणणे ही दोन कामे त्यांच्याकडे सोपवा. बहिष्कार मागे घ्या, असे चुकूनही म्हणू नका. तो त्यांचा आहे, त्यांनीच पाळू द्या. गिरणीवाल्याशी समेट होण्यास किती दिवस लागतात, ते मला अवश्य कळवा.

उधारीच्या वहीविषयी मात्र एक गंभीर शंका आहे. रक्कम दोनदा मांडली गेल्याचे यजमानांनी त्या दुकानदाराला सांगितले होते का? तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही. मग बारा वर्षे तो माणूस असेच समजत असेल की या कुटुंबाने दुसऱ्या भागात घर घेतले, किंवा यांना आता मोठ्या दुकानातून सामान परवडते. चूक केलेल्या माणसाला आपली चूक कळलीच नाही, तर त्याने ती सुधारावी तरी कशी?

प्रश्न : मी परिचारिका आहे. माझे आई-वडील केज तालुक्यातल्या आमच्या गावातून एकवीस हंगाम ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल घेतली की गाव सुटायचे, आणि आम्ही भावंडे आजीजवळ राहायचो. तिशीतच आईची पिशवी काढली. गेली चार वर्षे मी माझ्या घरात साखर आणलेली नाही. चहाला गूळ वापरते. मध्यंतरी वडील आले, बिनसाखरेचा चहा पाहून हसले आणि म्हणाले, “बाई, मी तोडलेला ऊस तू खाणार न्हाईस, तर मंग मी तोडला कशाला?” तेव्हापासून मला माझाच निश्चय पोरकट वाटू लागला आहे. – अंबाजोगाई

उत्तर : तुमचा निश्चय पोरकट मुळीच नाही आणि तुमच्या आधीही अनेकांनी तो केलेला आहे, हे प्रथम सांगते. सन १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा तिथल्या सामान्य कुटुंबांनी, आणि त्यांत विशेषकरून स्त्रियांनी, वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांच्या श्रमातून पिकणारी साखर चहात घालणे सोडून दिले. विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने काढलेल्या पत्रकात तर सरळ हिशेबच मांडला होता : आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने साखर वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. त्या काळी सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडल्याचा अंदाज टॉमस क्लार्कसन यांनी नोंदवला आहे. पुढे १८२४ च्या सुमारास लेस्टर शहरात एलिझाबेथ हेरिक यांनी घरोघर जाऊन हीच मोहीम पुन्हा चालवली. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामी १८३३ च्या कायद्याने संपली. ती केवळ साखर सोडल्याने संपली, असे कोणी म्हणणार नाही. वसाहतींतल्या गुलामांनी स्वतः केलेल्या उठावांचा त्यात मोठा वाटा होता. पण ज्या स्त्रियांना मतदानाचा अधिकारच नव्हता, त्यांना साखरेच्या भांड्यावर झाकण ठेवून आपले म्हणणे मांडता आले, हे त्या मोहिमेचे मोल आहे. गंमत अशी, की त्या काळच्या काही साखरेच्या भांड्यांवर ‘ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी बनवलेली नाही’ अशा अर्थाची अक्षरे असत. म्हणजे त्यांनी निर्मळ मानलेली साखर आपल्या या बाजूची होती. इथल्या शेतमजुराची स्थिती कशी होती, हे त्या चहापानात विचारावे असे फारसे कोणाला सुचले नसावे.

वडिलांचे बोलणे मात्र थट्टेवारी नेऊ नका. कारखान्याला साखर विकता आली नाही तर तोडणीच होणार नाही आणि मग कोयत्याला काम कुठून मिळणार, हा प्रश्न त्यांनी एका वाक्यात तुमच्यापुढे ठेवला आहे. विकल्या जाणाऱ्या साखरेतली निम्म्याहून अधिक साखर मिठाई, बिस्किटे, शीतपेये अशा मोठ्या ग्राहकांकडे जाते. तुमच्या घरातली दोन किलो कमी झाली तर साखरसम्राटांना त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय गूळही उसाचाच असतो आणि गुऱ्हाळावरचा ऊससुद्धा कोणीतरी वाकूनच तोडलेला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग साखर सोडण्याला अर्थ नाही का? माझ्या मते आहे. पण तो कारखान्याशी नसून तुमच्या आईशी आहे. काही माणसे एखाद्याच्या निधनानंतर त्याचा आवडता पदार्थ सोडतात; तुमचे साखर सोडणे त्या जातीचे आहे. ते स्मरण आहे, आणि स्मरणाला परिणामाचा हिशेब लागत नाही. त्याला दबावाचे हत्यार समजलात, तर मात्र निराशा पदरी येईल. दबावाचे हत्यार ऊसतोड कामगारांनी स्वतःच घडवले आहे, आणि त्याचे नाव ‘कोयता बंद’. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती ग्राहकांनी साखर सोडली म्हणून नव्हे, तर टोळ्या कोयता खाली ठेवण्याच्या तयारीत होत्या म्हणून. प्रत्येक टन उसामागे कारखान्याने दहा रुपये द्यावेत आणि तेवढेच राज्य सरकारने घालावेत, ही ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची तरतूदही संघटनांच्या रेट्यातूनच आलेली आहे. ती रक्कम प्रत्यक्ष कोणापर्यंत पोहोचते, हे विचारण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला आहे.

आणि तुमच्या हाती साखरेपेक्षा मोठी गोष्ट आहे. सन २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाडा धरला जातो, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि पोटदुखीची तक्रार घेऊन गेले की पुढे कर्करोग होईल ही भीती घातली जाते. या तिन्हींच्या कात्रीत बाई सापडते आणि पिशवी काढून मोकळी होते. तुम्ही परिचारिका आहात. तुमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘पिशवी काढायला सांगितली आहे’ असे म्हणत एखादी बाई तुमच्याकडे आली, तर तारीख ठरण्याआधी तिला तिथल्या स्त्रीरोग विभागात दुसरे मत घ्यायला घेऊन जा. ज्या दवाखान्याने तुमच्या आईला घाईने शस्त्रक्रिया सांगितली असेल, तशा दवाखान्यांची पायरी बायका चढेनाशा झाल्या, तर तो बहिष्कार थेट ज्याचा त्याला लागेल. साखर घरात आणायची की नाही, ते मग तुमच्या मनावर. वडील येतील तेव्हा मात्र त्यांच्या कपात दोन चमचे घाला.

प्रश्न : सोयाबीनच्या एका कंपनीच्या तीन पिशव्या पेरल्या, उगवण निम्मीही झाली नाही, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून ती कंपनी आणि ते कृषी सेवा केंद्र दोन्ही सोडले. गावात दहा-बारा जणांनाही सोडायला लावले. आणखी काय करता येईल? – एक शेतकरी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : तुम्ही सोडले ते योग्य केले, पण रागाच्या भरात एक पायरी गाळली. तक्रार केली नाही. बियाणे उगवले नाही हे लक्षात येताच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यायचा असतो. मग तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्या पंचनाम्यावाचून पुढे तुमच्या म्हणण्याला वजन येत नाही. पावती, पिशवी, पिशवीवरचे लेबल आणि मूठभर शिल्लक बियाणे जपून ठेवणे, ही पेरणीइतकीच महत्त्वाची कामे आहेत. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय जिथे असेल तिथे खेटे घालण्याची गरज आता उरलेली नाही.

आता थोडे कटू बोलते. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राची गती जास्त असेल, पोत्यांची थप्पी उंच लावली असेल किंवा पिशव्या गाडीतून आदळल्या असतील, तरी उगवणशक्ती घटते. पुरेशी ओल होण्याआधी घाईने पेरणी झाली किंवा बियाणे चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, तरी तसेच होते. दोष कंपनीचा, वाहतुकीचा, दुकानदाराच्या गोदामाचा की आपल्या पाभरीचा, हे ठरवण्याचा मार्ग तो पंचनामा होता. तो न करता दहा-बारा जणांना दुकान सोडायला लावले, म्हणजे निकाल आधी दिला आणि चौकशी राहूनच गेली. दुकानदार कदाचित पूर्ण दोषी असेलही. पण तुमच्याजवळ ते दाखवायला आज काही नाही.

यातली चांगली बाजू अशी, की बियाण्याच्या बाबतीत सोयाबीनवाल्याच्या हातात जे आहे, ते कापूसवाल्याच्या हातात नाही. बीटी कपाशीचे संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते, त्यामुळे कपाशीचा शेतकरी फार तर एक कंपनी सोडून दुसरीकडे जातो. सोयाबीन हे स्वपरागीत पीक असल्याने घरचे निवडलेले बियाणे दोन-तीन वर्षे चालते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ असे वाण दिलेले आहेत. ते एकदा खात्रीच्या ठिकाणाहून आणून पुढे घरी राखता येतात. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तर किंवा अधिक उगवले तर नेहमीचे प्रमाण, त्याहून कमी उगवले तर बियाणे त्या मानाने वाढवायचे. आपल्याजवळ दुसरी वाट असेल तेव्हाच कंपनीला आपल्या नाराजीची किंमत मोजावी लागते. खताच्या बाबतीत पाहा ना : २६६ रुपये ५० पैशांच्या युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले कसलेसे द्रावण गळ्यात मारले जाते, या ‘लिंकिंग’ची तक्रार प्रत्येक गावात आहे, पण पंचक्रोशीत एकच दुकान असेल आणि ऐन पेरणीत खत हवे असेल, तर शेतकरी बहिष्कार घालणार तरी कोणावर? तिथे दुकान सोडण्याची भाषा करू नये. पक्की पावती मागावी, तिच्यावर ते द्रावणही लिहून घ्यावे आणि ती पावती घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे जावे.

प्रश्न : आमच्या भागात दहा रुपयांचे नाणे कोणी घेत नाही. वडिलांनी अशा पाच दुकानांत जाणे बंद केले आहे आणि घरात नाण्यांचा डबा भरला आहे. त्यांचे बरोबर आहे का? – सेलू, जि. परभणी

उत्तर : कायद्याने अगदी बरोबर आहे. नाणे कायदा, २०११ प्रमाणे एक रुपया व त्याहून अधिक मूल्याची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत देण्यासाठी वैध चलन आहेत, आणि दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये केलेला आहे. व्यवहाराने मात्र त्यांचे थोडे चुकते, कारण भाजीवाली ते नाणे घेत नाही याचे कारण मोंढ्यातला आडत्या तिच्याकडून ते घेत नाही. पाच दुकानांशी अबोला धरण्यापेक्षा डबा उचलून बँकेत भरणा करायला जावे, आणि तिथेही नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लेखी म्हटले की नाणी मोजायला बहुधा कोणीतरी सापडते.

प्रश्न : एप्रिल २०१६ च्या दुष्काळात रेल्वेने पाणी आले तेव्हा आम्ही लातुरातच होतो. त्या उन्हाळ्यापासून मी बाटलीबंद शीतपेय प्यायलो नाही. लग्नकार्यात नको म्हटले की नातेवाईक चिडवतात. या वयात हट्ट सोडावा का? – सेवानिवृत्त कर्मचारी, लातूर

उत्तर : सोडू नका. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला नाही, त्यांना तुमचा हट्ट समजणार नाही, म्हणून थोडा हिशेब देते, तो चिडवणाऱ्यांना ऐकवा. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाख ८३ हजारांच्या घरात होती. म्हणजे ज्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली, तिने माणशी सव्वा लिटरहून किंचित अधिक पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली तेव्हा तो आकडा साडेसहा लिटरच्या जवळ गेला. त्याच महिन्यात मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. तहानलेल्या गावाच्या शेजारी पाणी बाटलीत भरले जात असते, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला त्या बाटलीचा घोट घशाखाली उतरत नसेल तर त्यात नवल नाही.

दोन लहान सूचना. लग्नात शीतपेय नाकारलेत तर यजमानांकडे तांब्याभर पाणी मागून घ्या, नुसते ‘नको’ म्हणून बसू नका. राग बाटलीवर आहे, मुलीच्या मामावर नाही. आणि घरात शुद्धीकरणाचे यंत्र असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते साधारण तीन लिटर वाहून घालवते, ते बादलीत धरा आणि फरशी पुसायला वापरा. चिडवणारे नातेवाईक घरी आले की त्यांची नजर नेमकी त्या नळीकडे जाईल.

प्रश्न : ‘बॉयकॉट’ हा शब्द कुठून आला? आपल्याकडे ही कल्पना इंग्रजांनी आणली का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : शब्द परका आहे, कल्पना नाही. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली पीक बुडाल्याने कुळांनी खंडात चौथा हिस्सा सूट मागितली, जमीनदाराने दहा टक्केच दिली, आणि कारभाऱ्याने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा कुळांच्या संघटनेने शस्त्र न उचलता त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच्या शेतात मजूर येईना, दुकानदार त्याला माल देईना, धोबीण त्याचे कपडे घेईना, टपालही पोहोचेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास मजूर आणून त्यांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक आणि पोलीस उभे करावे लागले, आणि सुमारे पाचशे पौंडांच्या पिकाच्या काढणीवर दहा हजार पौंड खर्च झाल्याचे तेव्हा बोलले गेले. त्या वर्षअखेरीस तो माणूस आयर्लंड सोडून गेला. आडनाव मात्र जगभर राहिले.

या गोष्टीतली एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. मूळ बॉयकॉट कोणत्याही वस्तूवर नव्हता, तो एका माणसाला वाळीत टाकणे होता. वस्तूंवरचा बहिष्कार आपल्याकडे ठळकपणे आला तो वंगभंगाच्या वेळी. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये ७ ऑगस्ट १९०५ रोजी विदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव झाला, आणि त्याच वर्षी पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने आपल्या नकाराने वेगळे रूप घेतले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली तेव्हा औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालय सोडले, आणि त्यांच्यापैकी अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला. शिंदी वाईट म्हणून नव्हे, तर तिच्या अबकारीतून निजामाचा खजिना भरत असे म्हणून. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळण्यामागेही हेच कारण होते. त्या पिढीतले कोणी तुमच्या आजोळी असतील, तर आजच विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या गावात काही तरुणांनी मोबाइलवर एक संदेश फिरवला आहे. अमुक समाजाच्या दुकानांतून काही घेऊ नये, असे त्यात आहे. माझे कपडे शिवणारे काका त्याच समाजाचे आहेत. माझ्या लग्नाचे ब्लाउज त्यांनी शिवले, माझ्या मुलीचे पहिले झबलेही त्यांनीच शिवले. आता त्यांच्याकडे गेले तर बोलणी बसतात. सदरात आपण ग्राहकाच्या निवडीचा अधिकार मानता, मग या संदेशाला काय म्हणायचे? – जालना जिल्हा (गावाचे नाव छापू नये)

उत्तर : याला ग्राहकाची निवड म्हणता येत नाही. वरच्या सगळ्या पत्रांत कोणीतरी काहीतरी केलेले आहे : वहीत रक्कम दोनदा मांडली, बियाणे उगवले नाही, नाणे नाकारले. कारणे लहानमोठी असतील, पण ती त्या दुकानदाराच्या वागणुकीतून आलेली आहेत आणि त्याने वागणूक बदलली तर ती दूर होऊ शकतात. तुमच्या शिंपीकाकांनी काय बदलावे अशी त्या संदेशाची अपेक्षा आहे? टाका नीट घातला तरी आणि माप चुकले तरी शिक्षा तीच. बॉयकॉटच्या कथेतही त्याने नोटिसा काढल्या होत्या. इथे तेवढेही नाही.

मराठवाड्याला हे हत्यार नवे नाही, आणि ते कोणावर चालले हेही इथे सर्वांना माहीत आहे. दलितांनी हक्क मागितला की मजुरी बंद, किराणा बंद, पाणी बंद, हा क्रम खेड्यापाड्यांत वारंवार घडला आहे. अस्पृश्यांच्या प्रश्नांवर नेमलेल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात अशा बहिष्काराचे वर्णन करताना, उघड हिंसाही त्याच्यापुढे फिकी पडते असे नोंदवले होते. म्हणूनच अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, किंवा टाकण्याची धमकी देणे, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. जात पंचायतींनी आपल्याच माणसांना वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा वेगळा कायदा २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या गावातला संदेश या दोन कायद्यांत बसेलच असे नाही. परंतु धर्म किंवा जात यांवरून समाजगटांत वैर वाढवणारा मजकूर पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकते, आणि तो पुढे ढकलणाराही त्यातून सुटत नाही. तो संदेश तुमच्यापर्यंत आला असेल तर पुढे पाठवू नका, पुसूनही टाकू नका. पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह त्याचे चित्र जपून ठेवा.

पोलिसांकडे जावे की नाही, हे इथून सांगणे मला योग्य वाटत नाही. गावात राहायचे तुम्हाला आहे आणि त्या काकांनाही. आधी त्यांना विचारा. त्यांना गाजावाजा नको असेल तर तुम्ही तो करू नये. पण बोलणी बसतात म्हणून कपडे संध्याकाळी पदराआड नेण्याची सवय मात्र लावून घेऊ नका, कारण तुम्ही लपून गेलात की तो संदेश पाठवणाऱ्याला आपले चालले असे वाटेल आणि काकांनाही तसेच वाटेल. दिवाळीचे कापड आणले असेल तर बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, मुलीचा हात धरून जा, दारात चप्पल काढून आत बसा, आणि बाही नेहमीसारखीच कोपरापर्यंत ठेवायची आहे हे जरा मोठ्याने सांगा.